मदत हवी आहे: कबड्डीत पकडीचा ढीग झाला की लेबल कसं लावायचं?

घरून, रात्रीचे दोन-तीन तास कबड्डीच्या व्हिडिओंचं लेबलिंग करतोय. टूल सीव्हॅट (व्हिडिओतल्या गोष्टींवर बॉक्स काढून खुणा करायचं सॉफ्टवेअर). प्रत्येक खेळाडूभोवती बॉक्स आणि त्याचा एक आयडी, शिवाय चढाईपटूचा पहिला स्पर्श कोणत्या फ्रेमला झाला ते टॅग करायचं. पैसे क्लिपमागे, तेही मंजूर झाली तरच.

चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची, सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने 750 फ्रेम. सुरुवात सोपी जाते. पण कोपरारक्षकाने घोटा धरला, वरून बचावपटूंची साखळी येऊन पडली, की चढाईपटूचा फक्त एक हात मध्यरेषेकडे ताणलेला दिसतो. बाकी सगळा ढीग! तिथेच आयडीची अदलाबदल होते आणि क्लिप परत येते. गेल्या आठवड्यात पाच परत आल्या.

दर दहा फ्रेमऐवजी दर तीन फ्रेमला कीफ्रेम (जिथे बॉक्स हाताने बसवतो ती फ्रेम) टाकून पाहिली. वेळ दुप्पट, चुका त्याच. तपासणाऱ्याला विचारलं तर ‘गाइडलाइन वाचा’. गाइडलाइन बहुधा फुटबॉलसाठी लिहिलेली. त्यात ढीग हा प्रकारच नाही.

कॅमेरा एकच, बाजूचा. करारामुळे क्लिप इथे टाकता येणार नाही. कबड्डीचे नियम माहीत आहेत, शाळेपासून खेळलोय.

ज्यांनी कबड्डी किंवा कुस्तीचं असं काम केलंय त्यांना विचारायचंय: पूर्ण झाकलेल्या खेळाडूचा बॉक्स अंदाजाने ठेवून ‘ऑक्लुडेड’ (झाकलेला) करता, की ‘आउटसाइड’ (फ्रेममध्ये नाही) करून तो बाहेर आल्यावर तोच आयडी पुन्हा जोडता? आणि स्पर्श दिसतच नसेल तर कोणती फ्रेम धरता?