बशीतल्या मेंदूत मायक्रोग्लिया हव्यातच

एचआयव्हीने मेंदूचं काय होतं ते उंदरांवरच तपासावं, अशी एक सूचना केली जाते. पण साध्या उंदराला एचआयव्हीची लागण होतच नाही. त्यासाठी मानवी प्रतिकारपेशी रुजवलेले उंदीर लागतात. माकडांमध्ये एसआयव्ही हा जवळचा विषाणू वापरतात, तो मेंदूपर्यंत पोचतोही.

मला खरी आशा मूलपेशींपासून बशीत वाढवलेल्या मेंदूच्या ऑर्गनॉइडची, म्हणजे मेंदूसारख्या इवल्या पेशीगोळ्यांची वाटते. फक्त एक गोष्ट सुटू नये: एचआयव्ही चेतापेशींत सहसा शिरत नाही, तो मायक्रोग्लियात, म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारपेशींत घर करतो, आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या दाहक द्रव्यांनी व विषाणूच्या प्रथिनांनी चेतापेशींना इजा होते. मायक्रोग्लियांचा उगम मेंदूच्या ऊतीत नव्हे, तर गर्भाच्या पीतककोशात (गर्भाला जोडलेल्या पिशवीत) होत असल्याने बहुतेक ऑर्गनॉइडमध्ये त्या आपोआप तयार होत नाहीत, वेगळ्या वाढवून मिसळाव्या लागतात. ते न करता काढलेल्या निष्कर्षांवर माझा तरी भरवसा बसत नाही.