‘एलिट फायटर’, ‘इंटरसेप्टर’, ‘टॅक्टिक्स’: मराठीत काय लिहावं?

प्रश्न: अवकाशयुद्धाच्या व्हिडिओ गेमवर मराठीत माहिती लिहायची आहे. एके ठिकाणी ‘एलिट फायटर’साठी ‘उच्चभ्रू लढाऊ विमान’ असं वाचलं. याला बरा पर्याय आहे का? ‘स्ट्रॅटेजी’ आणि ‘टॅक्टिक्स’ दोन्हींना ‘रणनीती’ चालेल का?

– ‘उच्चभ्रू’ बाद. तो शब्द पैसा-प्रतिष्ठेचा, कसबाचा नव्हे. ‘विमान’ही टाळा, कारण वाचक मनात हवा धरून चालतो. ‘एलिट डेंजरस’ या अवकाशखेळात फ्लाइट असिस्ट (यान आपोआप सावरणारी सोय) बंद केलं की नाक वळतं, पण यान जुन्याच दिशेने वाहत राहतं. हे ‘विमान’ म्हणून समजावणं कठीण. ‘लढाऊ यान’ पुरेसं आहे.

शिवाय त्या खेळात ‘एलिट’ ही यानाची नव्हे, पायलटची श्रेणी आहे. लढाईतली बढती ‘हार्मलेस’पासून सुरू होऊन नवव्या पायरीला ‘एलिट’ होते. त्यामुळे तिथे ‘एलिट’ तसंच ठेवा. इतरत्र पायलट ‘कसलेला’ आणि निवडक तुकडी ‘खाशी’. ‘हुजुरात’ (राजाची खास फौज) सुचवायचा मोह होतो, पण मग तळटीप द्यावी लागेल.

– यानाला ‘खासं’ म्हणताना जपून. ‘एलिट डेंजरस’मधलं व्हल्चर हे यान आकाराने लहान, तरी दोन मोठ्या तोफा घेतं, पण वीज तुटपुंजी. तोफा बाहेर काढल्या की भार वाढतो आणि कमी प्राधान्याचे भाग बंद पडतात. म्हणून मालाचं दार आणि फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह (लांब उडीचं इंजिन) शेवटच्या प्राधान्याला टाकावेत. तोफा बाहेर असताना उडी तशीही घेता येत नाही, त्यामुळे तोटा नाही. ढाल मात्र पहिल्या प्राधान्यात हवी.

– ‘इंटरसेप्टर’ला कोशात ‘रोधक’ सापडेल, पण तो डासांच्या उदबत्तीवर जास्त शोभतो. मुळात काम खेळागणिक बदलतं. ‘फ्रीस्पेस २’मध्ये (१९९९) बॉम्बर टप्प्यात येण्याआधी त्यांना गाठायचं, म्हणजे ‘अडवणं’. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये शत्रूला पळू द्यायचं नाही, म्हणजे ‘जखडणं’. नाम ‘इंटरसेप्टर’च राहू द्या, क्रियापदं मराठी वापरा.

जखडण्यातली नेहमीची चूक म्हणजे शत्रूवर सरळ रेषेत झेपावणं. तेव्हा त्याच्या तोफेला यानाचा कोनीय वेग (नजरेसमोरून आडवं सरकण्याचा वेग) जवळपास शून्य दिसतो आणि मोठी तोफसुद्धा अचूक लागते. तिरकं, सर्पिल वळण घेत जवळ जावं. शत्रूची पळवाट रोखणाऱ्या उपकरणांत टेक-२ (वरच्या दर्जाच्या) वार्प डिसरप्टरचा पल्ला २४ किलोमीटर, स्क्रॅम्बलरचा ९. स्क्रॅम्बलर शत्रूचा वेग वाढवणारा मायक्रोवार्प ड्राइव्हही बंद पाडतो, पण त्यासाठी इतक्या जवळ जाण्याची जोखीम घ्यावी लागते.

– दोन्हींना ‘रणनीती’ नको. कुठे, कधी, कोणत्या ताफ्यानिशी लढायचं ही रणनीती. गाठ पडल्यावर जे करायचं ते डावपेच. ‘एलिट डेंजरस’मधलं वीजवाटप हा शुद्ध डावपेच आहे. सिस्टिम, इंजिन आणि वेपन्स (शस्त्रं) या तीन खात्यांत मिळून एकूण ६ ठिपके, सुरुवातीला २-२-२, एका खात्यात जास्तीत जास्त ४. एका खात्यात एक ठिपका वाढवला की उरलेल्या दोन्हींतून अर्धा-अर्धा कमी होतो. मार बसत असताना ४ ठिपके सिस्टिमला, कारण त्याने ढाल घट्ट होते. नेम धरल्यावर वेपन्सला. नवखे खेळाडू तिथेच अडून बसतात, मग इंजिनाकडे बूस्टपुरती (क्षणिक जोरापुरती) वीजच जमत नाही. दुसरी खोड म्हणजे पूर्ण वेग. वेगपट्टीच्या मधल्या निळ्या भागात यान सर्वांत चटकन वळतं.

‘व्यूह’ शब्द ‘फॉर्मेशन’साठी राखून ठेवा. ‘होमवर्ल्ड’मध्ये (१९९९) भिंत, पंजा, गोल असे व्यूह खरोखरच निवडता येतात.

– मोठ्या यानाच्या पोटातून सुटणाऱ्या छोट्या लढाऊ यानांचं काय?

– ती चालवणारा नोकरीवरचा पायलट म्हणजे बारगीर: यान मालकाचं, पायलटचा कमाईत वाटा. स्वतःचं यान घेऊन आलेला तो शिलेदार. हे दोन शब्द तळटीप न देता खपतील. छोट्या यानाला ‘उपयान’ नको, त्यातून बचावनौका वाटते. साधं ‘फायटर’ लिहा.