मनगटावरच्या घड्याळातील हृदयगतीवर कितपत विसंबावे? – मदत हवी आहे

नमस्कार. मी पुण्यात राहते, वय ४८ वर्षे. येत्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी माझी तयारी चालू आहे. ज्यांनी ही शर्यत धावलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की २१ किलोमीटरपैकी जवळपास निम्मे अंतर यवतेश्वरच्या घाटाने वर चढायचे असते आणि उरलेले त्याच रस्त्याने खाली यायचे असते. त्यामुळे चढावर किती दम खर्च करायचा आणि किती राखून ठेवायचा, यावरच सगळे गणित अवलंबून असते. आमचे प्रशिक्षक हृदयगतीच्या झोननुसार (म्हणजे कमाल हृदयगतीच्या टक्केवारीवर आखलेल्या टप्प्यांनुसार) सराव करून घेतात आणि झोन ठरवण्यासाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र वापरतात. त्या हिशेबाने माझी कमाल हृदयगती १७२ येते.

अडचण अशी आहे, की माझ्या मनगटावरचे घड्याळ जे आकडे दाखवते ते आणि माझ्या शरीराला जे जाणवते ते यांचा मेळ बसत नाही. वेताळ टेकडीच्या माथ्यावर सपाट वाटेने मी अगदी सावकाश, मैत्रिणीशी सलग गप्पा मारत धावते, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच घड्याळ १६८ ते १७० दाखवू लागते आणि तिथेच अडून बसते. सूत्र खरे मानले तर मी त्या वेळी जवळजवळ कमाल मर्यादेवर असायला हवी, आणि कमाल मर्यादेवर असलेल्या माणसाला गप्पा मारता येत नाहीत एवढे मलाही कळते. उलट आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना, गुडघ्यांवर हात टेकून, एक शब्दही बोलता येत नसताना, तेच घड्याळ १०६ ते ११० दाखवते. घरी शांत बसल्यावर मात्र ते ५८ ते ६२ दाखवते आणि बोटांनी नाडी मोजली तरी तेवढेच ठोके भरतात.

पट्टा सैल नाही, घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर बांधते, त्या हातात बांगड्या घालत नाही, काचेमागचा भाग दर वेळी पुसते. वर्षभरापूर्वी ईसीजी आणि टू-डी इको केलेले आहे, दोन्ही व्यवस्थित होते. माझा वर्ण सावळा आहे. त्यामुळे सेन्सरचा प्रकाश नीट पोहोचत नाही, असे एका दुकानदाराने सांगितले. त्यात तथ्य आहे का? घड्याळ बदलावे, हृदयगती मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा, की हे आकडे पाहणेच सोडून द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

– चढउतार

प्रतिसाद : डोंगरवाट

ताई, काहीही विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. आपल्या घड्याळाच्या ॲपमध्ये हृदयगतीच्या आलेखाखाली बहुधा ‘कॅडन्स’ नावाचा आलेख असेल. म्हणजे मिनिटाला पडलेली पावले. टेकडीवरच्या धावण्याचा आणि सिंहगडाच्या चढाचा कॅडन्स किती आहे, तो आकडा कृपया येथे द्यावा. माझा एक संशय आहे, परंतु आकडा पाहिल्याशिवाय बोलणे बरे नाही.

प्रतिसाद : चढउतार

पाहिले. टेकडीवर धावताना कॅडन्स १६८ ते १७०, आणि सिंहगडाच्या मुख्य चढावर १०४ ते ११०. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर कित्येक मिनिटे वेगळे ओळखूही येत नाहीत.

प्रतिसाद : फूटपट्टी

डोंगरवाट यांचा संशय खरा ठरला असे दिसते. घड्याळ आपले ठोके मोजत नसून आपली पावले मोजत आहे. धावणाऱ्यांमध्ये याला ‘कॅडन्स लॉक’ म्हणतात. मी मापन उपकरणांच्या क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे हे कसे घडते ते जरा सविस्तर लिहितो.

घड्याळाच्या पाठीला जे हिरवे दिवे लुकलुकतात, ते त्वचेत प्रकाश सोडतात आणि परत येणारा प्रकाश शेजारचा सेन्सर टिपतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त क्षणभर वाढते, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. ठोका ओसरला की तो पुन्हा वाढतो. या चढउतारांची (आपल्या नावाचा संबंध नाही!) वारंवारता काढली की हृदयगती मिळते. पेच एवढाच आहे, की परत येणाऱ्या एकूण प्रकाशात नाडीमुळे होणारा बदल जेमतेम एक-दोन टक्क्यांचा, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. धावताना प्रत्येक पावलागणिक हात झुलतो, घड्याळ त्वचेवर कणभर सरकते, शिरांमधले रक्त हिंदकळते, आणि या सगळ्यामुळे प्रकाशात होणारा बदल नाडीमुळे होणाऱ्या बदलापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. घड्याळातील गतिमापक ही हालचाल ओळखून वजा करण्याचा प्रयत्न करतो. परंतु पावलांचा ठेका एकसारखा आणि जोरकस असेल, नाडीचा संकेत दुबळा असेल, तर घड्याळाचे गणित त्या ठेक्यालाच ठोका समजून बसते. पावलांचा वेग मिनिटाला १६० ते १८० असणे धावण्यात अगदी सामान्य आहे, आणि हृदयगतीही त्याच टापूत असू शकते. म्हणून तो आकडा कोणाला खोटा वाटत नाही.

सिंहगडावर गुडघ्यांवर हात टेकल्याने मनगट मागे वाकते, घड्याळाची एक कड उचलली जाते आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. तिथे नाडीचा संकेत जवळपास हरवतो आणि पावलांचा ठेका उरतो. माझ्या मते आपल्या दोन चुकीच्या आकड्यांपैकी हा जास्त घातक आहे. सपाटीवर १७० दिसले तर माणूस घाबरून वेग कमी करील, त्यात सरावाचे नुकसान होईल एवढेच. पण यवतेश्वरच्या घाटात १०८ दिसले आणि ‘अजून पुष्कळ वाव आहे’ असे समजून कोणी जोर लावला, तर उतार लागेपर्यंत पायांत काही शिल्लक राहणार नाही.

शांत बसलेले असताना आकडा जुळतो यात नवल नाही. हात स्थिर असला की हीच पद्धत चांगली चालते. झोपेतील आणि विश्रांतीच्या हृदयगतीसाठी मी स्वतः मनगटावरच्याच घड्याळावर विसंबतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी उपकरणे तपासली होती. त्यांपैकी सहांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती, मात्र खर्च झालेल्या उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के भरली. (ज्यांना घड्याळातील कॅलरी पाहून जेवणाचा हिशेब करायची सवय आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) त्याच वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकने ट्रेडमिलवरील ५० जणांच्या ईसीजीशी तुलना केली, तेव्हा छातीच्या पट्ट्याचा ईसीजीशी सहमती गुणांक (१ म्हणजे तंतोतंत जुळणी) ०.९९ आला, तर मनगटावरील चार उपकरणांचा ०.८३ ते ०.९१. ती उपकरणे आता जुनी झाली आणि नवी बरीच सुधारली आहेत, परंतु हात हलला की संकेत गढूळ होतो हे मूळ कारण बदललेले नाही.

वर्णाबद्दल : त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषते हे खरे आहे, त्यामुळे शंका रास्त आहे. मात्र ड्यूक विद्यापीठाने २०२० साली वेगवेगळ्या वर्णांच्या ५३ जणांवर हेच तपासले, तेव्हा वर्णामुळे अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. विश्रांतीच्या तुलनेत हालचालीच्या वेळची चूक मात्र सरासरी ३० टक्क्यांनी अधिक होती. आपल्या आकड्यांचा खुलासा कॅडन्सने पुरेपूर होतो, तेव्हा दुकानदाराचे म्हणणे येथे लागू पडते असे मला वाटत नाही.

प्रतिसाद : रोजचाफेरफटका

मला वाटते, स्वस्त घड्याळांचाच हा दोष असतो. थोडे अधिक पैसे मोजून नामांकित कंपनीचे वरच्या श्रेणीतील घड्याळ घ्यावे, प्रश्न मिटेल.

प्रतिसाद : फूटपट्टी

सविनय असहमत. महाग घड्याळात सेन्सर अधिक असतात आणि गणितही सरस असते, त्यामुळे असे प्रसंग कमी होतात. पण मनगट तेच राहते. त्याच्या बऱ्याच कमी खर्चात छातीचा पट्टा येतो आणि तो मुळात वेगळी गोष्ट मोजतो. प्रकाश नाही, तर हृदयाचा विद्युत संकेत. पट्टा छातीवर टोचतो असे वाटत असेल, तर दंडावर बांधायचे ऑप्टिकल सेन्सरही मिळतात. त्यांची पद्धत घड्याळाचीच असली, तरी दंडाला मांस अधिक आणि झटके कमी असल्याने ते धावताना मनगटापेक्षा बरे काम करतात.

प्रतिसाद : डोंगरवाट

पट्टा येईपर्यंत एक साधी चाचणी करता येईल. घड्याळ १७० दाखवत असताना एकदम थांबावे आणि लगेच मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजावेत व त्यांना चाराने गुणावे. मिनिटभर मोजत बसू नये, कारण थांबल्यावर हृदयगती झपाट्याने उतरते आणि सरासरी फसवी येते. एक ठोका चुकला तर उत्तरात चाराचा फरक पडतो, पण १७० आणि १३५ यांतला फरक ओळखायला तेवढी अचूकता पुरते. मानेवर मोजायचे असल्यास एकाच बाजूला आणि हलक्या बोटाने मोजावे. जोरात दाबल्यास ठोके मंदावू शकतात आणि चक्करही येऊ शकते.

प्रतिसाद : आलेख

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. वरील चर्चा योग्य दिशेने चालली आहे, तरीही एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते. घड्याळातील प्रत्येक उंच आकडा ‘कॅडन्स लॉक’ म्हणून झटकून टाकू नये. काही व्यक्तींमध्ये हृदयाची लय अचानक वेगवान होते आणि तशीच अचानक पूर्ववत होते. आलेखावर तेही उभ्या कड्यासारखेच दिसते. पावले थांबल्यावरही आकडा चढाच राहिला, बोटांनी मोजलेली नाडीही तेवढीच भरली, छातीत धडधड, जडपणा किंवा भोवळ जाणवली, तर घड्याळ खरे की खोटे याचा विचार न करता डॉक्टरांकडे जावे.

याच्या उलट प्रकारही असतो. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या लयीच्या विकारात ठोके अनियमित असतात आणि त्यांतील दुबळे ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे मनगटावरची गणना हृदयाच्या प्रत्यक्ष गतीपेक्षा कमी येते. काही घड्याळांत बोट टेकवून ईसीजी काढण्याची सोय असते. ती लय अनियमित आहे का हे सांगण्यापुरती उपयोगी आहे; हृदयविकाराचा झटका तिच्याने ओळखता येत नाही.

आता ‘२२० वजा वय’ या सूत्राविषयी. ती एक सरासरी आहे, आणि एकाच वयाच्या निरोगी व्यक्तींमध्ये प्रत्यक्ष कमाल गती त्या सरासरीच्या १० ते १२ ठोके इकडे-तिकडे असणे अगदी नेहमीचे आहे. २००१ साली मांडले गेलेले ‘२०८ वजा वयाचे ०.७ पट’ हे सूत्र आपल्या वयाला सुमारे १७४ देते, परंतु तीही सरासरीच. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील (हृदयगती मंद ठेवणारे) औषध घेणाऱ्यांना तर यांतील कोणतेच सूत्र लागू होत नाही. आपण शर्यतीसाठी घाट चढणार आहात आणि चाचण्यांना वर्ष झाले आहे, तेव्हा एकदा टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरील स्ट्रेस टेस्ट, करून घ्यावी असे सुचवीन. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही पाहावे. आपल्या वयोगटातील स्त्रियांमध्ये हलक्या धावण्यातही हृदयगती खरोखरच चढी राहण्याची ही दोन सामान्य कारणे आहेत.

प्रतिसाद : चढउतार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या काळात छातीचा पट्टा घेतला आणि स्ट्रेस टेस्टही करून घेतली. टेस्ट व्यवस्थित आली; हिमोग्लोबिन मात्र १०.८ निघाले, त्यासाठी डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. टेकडीवरच्या त्याच सपाट वाटेवर, त्याच सावकाश वेगाने, पट्ट्याने १३६ ते १४० दाखवले. सिंहगडाच्या चढावर १६० च्या पुढे गेले आणि शेवटच्या खड्या टप्प्यात १७८ पर्यंत पोहोचले. म्हणजे सूत्राने सांगितलेली कमाल मर्यादाही माझी नव्हती. प्रशिक्षकांना आलेख दाखवले. त्यांनी झोन नव्याने आखून दिले आहेत आणि घाटात आकड्याबरोबर ‘एक पूर्ण वाक्य बोलता येते का’ ही कसोटीही लावायला सांगितली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पट्ट्याची जोडणी असताना घड्याळ मनगटावरचा आकडा त्यात मिसळते का? आणि पहाटे बाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटे पट्टाही अधूनमधून २०० च्या वर उडी मारतो, ते कशामुळे?

प्रतिसाद : फूटपट्टी

बहुतेक क्रीडा घड्याळे पट्टा जोडला गेला, की मनगटावरचा सेन्सर बाजूला ठेवून पट्ट्याचाच आकडा घेतात. मात्र वाटेत जोडणी तुटली तर काही घड्याळे गुपचूप मनगटावर परत येतात. आलेखात हृदयगती पुन्हा कॅडन्सला चिकटलेली दिसली, तर आधी तिकडे पाहावे. निघण्यापूर्वी पडद्यावर पट्ट्याचे चिन्ह आले आहे याची खात्री करून मगच नोंद सुरू करावी.

उड्यांचे कारण कोरडी त्वचा. पट्ट्याच्या आतील इलेक्ट्रोडना विद्युत संकेत मिळण्यासाठी ओल लागते आणि घाम सुटेपर्यंत ती नसते. त्यात सुळसुळीत पॉलिएस्टरचा सैल शर्ट पट्ट्यावर फडफडत असेल तर कोरड्या हवेत स्थिर विद्युत निर्माण होऊन खोटे ठोके नोंदले जातात. इलेक्ट्रोड साध्या पाण्याने चांगले ओले करावेत, पट्टा स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या कडेला, पण तिच्याखाली दुमडणार नाही असा बसवावा आणि शर्ट जरा अंगाबरोबरचा घालावा. धावून आल्यावर सेन्सरची डबी काढून ठेवावी, नाहीतर ओल्या पट्ट्यावर ती चालूच राहते आणि बॅटरी लवकर संपते. पट्टा पाण्यात खळबळून सावलीत वाळवावा. घामाचे मीठ साचले की हाच त्रास काही महिन्यांनी पुन्हा सुरू होतो.