घेणाऱ्याचं पुढे काय होतं?
दानाने माणूस लाचार होतो, म्हणून श्रीमंतांनी द्यायचंच थांबवावं, असं दानावरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. पहिलं पटतं, दुसरं अजिबात नाही. बाबा आमटे स्वतः हिंगणघाटच्या गडगंज जमीनदाराच्या घरातले, तरुणपणी शिकार आणि मोटारीत रमलेले. भिकेची त्यांना विलक्षण चीड होती, पण कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाने देणग्या नाकारल्या नाहीत. तो पैसा विहिरी, शेती, हातमाग यांत गेला आणि बोटं झडलेली माणसं स्वतःचं धान्य पिकवू लागली. ती खडकाळ जमीन होती, हेही लक्षात घ्या.

या चर्चेत कुणी न मांडलेली गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत आनंदवनातली भाजी वरोऱ्याच्या लोकांना नको असायची, का तर कुष्ठरोग्यांनी पिकवली म्हणून. पुढे १९६४ साली आनंदवनाच्याच आवारात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या उभारणीत कुष्ठरोग्यांचे हात राबले, आणि शिकायला आली ती वरोरा परिसरातली निरोगी मुलं. मला तर दान कुणी कुणाला दिलं हा प्रश्नच तिथे उलटा झालेला दिसतो, आणि दरवेळी त्याने भरून येतं.