आइनब्युर्गरुंग्जटेस्ट, म्हणजे जर्मन नागरिकत्वाची परीक्षा (हेसन): जागाच मिळत नाहीत, आणि नावाचा घोळ

माईनकाठी

नमस्कार मंडळी. मुक्काम फ्रांकफुर्टजवळ, म्हणजे हेसन राज्य. जर्मनीत पाच वर्षं पूर्ण होत आलीत, जर्मन भाषेची बी-वन पातळी झालीय. नागरिकत्वाच्या अर्जाला आता टेस्टचा कागद तेवढा राहिलाय. पण इथल्या व्हीएचएसच्या (फोल्क्सहोखशुलं, म्हणजे प्रौढशिक्षण केंद्र, जिथे टेस्ट होते) साइटवर दिसतील त्या सगळ्या तारखांपुढे 'आउसगेबुख्ट', म्हणजे जागा भरल्या.

शेजारच्या राज्यात जाऊन दिली तर चालते का? मग पेपरात राज्यावरचे जे तीन प्रश्न असतात ते कुठल्या राज्याचे येतात? दुसरं, पासपोर्टात गिव्हन नेममध्ये माझं आणि वडिलांचं अशी दोन नावं आहेत, पण ऑफिसात आणि बँकेत एकच चालतं. फॉर्मवर काय लिहायचं? बायकोने पीआरच्या वेळी 'लेबन इन डॉइचलांड' ('जर्मनीतलं जीवन') ही टेस्ट दिली होती, तिला पुन्हा बसावं लागेल का? आणि शेवटचं, माझं मास्टर्स इथल्याच विद्यापीठाचं आहे, इंजिनिअरिंगचं. त्यावर टेस्ट माफ होते असं एकाने सांगितलं.

कागदोपत्री

मास्टर्सचं आधी मिटवतो. इंजिनिअरिंगवर माफी नाही. जर्मन विद्यापीठाची पदवी चालते, पण ती कायदा, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, प्रशासन अशा विषयांतली हवी. जर्मन शाळेचा दाखला असेल तर टेस्ट लागत नाही, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांनाही नाही. तुम्हाला द्यायचीच आहे.

दुसऱ्या राज्यात दिलेली चालते. राज्याचे प्रश्न तुमची आनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची नोंदणी) जिथे आहे त्यावरून ठरतात. त्यामुळे ऱ्हाईन ओलांडून माइन्झला बसलात किंवा बायर्नमधल्या आशाफेनबुर्गला, तरी पेपरात प्रश्न हेसनचेच. फक्त काही व्हीएचएस आपल्या हद्दीतल्या लोकांना आधी घेतात, म्हणून जाण्याआधी फोन करा. मोठ्या शहरांचा नाद सोडून तालुक्याच्या गावांसारख्या छोट्या व्हीएचएस बघा, तिथे गर्दी कमी असते.

तारखा इतक्या आधी का भरतात, तेही समजून घ्या. पेपर व्हीएचएस काढत नाही. ती उमेदवारांची यादी न्युर्नबर्गला बाम्फकडे (स्थलांतर आणि निर्वासितांचं केंद्रीय कार्यालय) पाठवते आणि प्रश्नपत्रिका तिथून येतात. म्हणून नोंदणी परीक्षेच्या कित्येक आठवडे आधी बंद होते. आदल्या आठवड्यात कोणी गळालं तरी त्या खुर्चीवर तुम्हाला बसवता येत नाही. कुणी रद्द केलेली जागा पकडायची तर नोंदणी बंद व्हायच्या आधी, नंतर साइट बघत बसणं वाया. व्हीएचएसचं वर्ष दोन सत्रांत चालतं. नवं सत्र जाहीर होतं तेव्हा तारखा एकगठ्ठा सुटतात, तेव्हा सकाळीच बघा.

नोंदणीला बहुतेक ठिकाणी स्वतः जावं लागतं. सोबत मूळ पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड आणि २५ युरो. कार्ड चालतं की रोख, ते आधी विचारून ठेवा. परीक्षेला आला नाहीत तर पैसे गेले असंच समजा.

नावात काय नाही

नावाचं उत्तर: पासपोर्टात जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर. 'फोरनामं'च्या (गिव्हन नेम) रकान्यात तुमचं आणि वडिलांचं दोन्ही, त्याच क्रमाने. 'फामिलियननामं'मध्ये आडनाव. ऑफिसातला ईमेल आणि बँकेचं कार्ड इथे कोणी विचारत नाही. प्रमाणपत्र याच फॉर्मवरून छापलं जातं, आणि अर्ज तपासणारा ते पासपोर्टशेजारी ठेवून बघतो. एक नाव गळलं की 'ही दोन माणसं एकच आहेत का' यावर पत्रव्यवहार सुरू. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नावही बदलतं, त्यामुळे ज्यांच्या जुन्या पासपोर्टावर वडिलांचं आणि नव्यावर नवऱ्याचं नाव आहे त्यांनी जास्तच सांभाळा. रेसिडेन्स कार्ड जुन्या नावाचं असेल तर ते बदलून मगच नोंदणी करा.

जन्मस्थळाचंही तेच. पासपोर्टात 'कराड, महाराष्ट्र' असेल तर कराड. मूळ गाव कुठलं, जिल्हा सातारा, हे मनाने घालू नका.

एक बारीक गोष्ट, हसू येईल पण लक्षात ठेवा. फॉर्म हाताने भरताना आपण इंग्रजी एकचा आकडा नुसती उभी रेघ काढतो. जर्मन माणूस एकाला वरून लांब शेंडी देतो आणि साताला मधे आडवी रेघ मारतो. तुमचा बिनरेघेचा सात त्याला एक वाटतो आणि १७ तारखेचा जन्म ११ चा होतो. सातावर रेघ माराच. व्हीएचएसमधली व्यक्ती कॉम्प्युटरवर भरत असेल तर प्रिंट हातात घेऊन नाव, तारीख, गाव वाचा आणि मगच सही करा. तिथे चूक निघाली तर दोन मिनिटांचं काम असतं. प्रमाणपत्र छापून आल्यावर निघाली की न्युर्नबर्गला पत्र.

पंधरा की सतरा

वहिनींना बहुतेक पुन्हा बसावं लागणार नाही, पण कागद काढून गुण बघा. दोन्ही टेस्टची प्रश्नपत्रिका एकाच साच्याची असते, ३३ प्रश्न. 'लेबन इन डॉइचलांड' १५ ला पास होते, नागरिकत्वासाठी १७ लागतात. त्यांचे १७ किंवा जास्त असतील तर तोच कागद अर्जाला लावायचा, त्याला मुदत नसते. १५ किंवा १६ असतील तर पीआरला पुरले, इथे पुरणार नाहीत. नुसतं 'पास' लिहिलंय एवढ्यावर थांबू नका, बरेच जण तिथेच फसतात.

प्रश्नपेढी

अभ्यासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण लोक एक तर काहीच करत नाहीत किंवा सहा महिने करतात. दोन्ही चूक.

देशाचे ३०० आणि तुमच्या राज्याचे १०, असे ३१० प्रश्न उत्तरांसकट बाम्फने उघड ठेवलेत. पेपरात त्यातलेच ३३ येतात: ३० देशाचे, ३ राज्याचे. प्रत्येकी चार पर्याय, एकावर फुली, वेळ ६० मिनिटं. १७ आले की झालं. रोज पंचवीस केले तर दोन आठवड्यांत एक फेरी होते, मग बाम्फच्या सराव-साइटवर हेसन निवडून चार-पाच पेपर सोडवा. राज्याचे दहा मात्र तोंडपाठच करा. दहातले तीन येणार, म्हणजे १७ पैकी ३ गुण आधीच खिशात.

मराठी किंवा इंग्रजी भाषांतरावरून पाठ करू नका. पेपर जर्मनमध्येच असतो आणि वाक्यं शब्दशः तीच येतात, तेव्हा डोळ्याला ती जर्मन वाक्यंच ओळखीची व्हायला हवीत. पहिलाच प्रश्न बघा: जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघड बोलू शकतात, कारण... पर्याय असे: इथे धर्मस्वातंत्र्य आहे, लोक कर भरतात, लोकांना मतदानाचा हक्क आहे, इथे 'माइनुंग्जफ्रायहाइट' आहे. तो एक शब्द, मतस्वातंत्र्य, माहीत असला की प्रश्न सुटला. बरेचसे प्रश्न असे एका शब्दावर उभे असतात.

लोक चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. घाईत वाचताना 'निख्ट' (नाही) हा शब्द सुटतो आणि बरोबर उत्तराच्या नेमकं उलट उत्तर दिलं जातं. बुंडेसटाग (लोकांनी निवडलेली संसद) आणि बुंडेसराट (राज्यांचं सभागृह) यांची सरमिसळ होते. चान्सलरला बुंडेसटाग निवडतं, पण राष्ट्राध्यक्षाला बुंडेसफरझाम्लुंग (बुंडेसटागचे सदस्य आणि राज्यांचे प्रतिनिधी यांची सभा), हे उलटं लिहिणारे फार. तुमच्या राज्यातला हमखास सापळा राजधानीचा: फ्रांकफुर्ट नव्हे, वीसबाडेन. आणि 'राज्यात कोणता मंत्री नसतो' याचं उत्तर परराष्ट्रमंत्री, कारण ते खातं केंद्राचं.

जुने पीडीएफ फेकून द्या. २०२४ मध्ये ज्यू समाज, इस्राएल आणि होलोकॉस्ट यांवरचे नवे प्रश्न यादीत आले. त्याआधीचा पीडीएफ फिरत फिरत आला असेल तर ते त्यात नसतील.

माईनकाठी

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. बायकोचे २९ निघाले, तिचा प्रश्न सुटला. निकाल तिथेच देतात की घरी येतो? आणि आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात म्हणतात, ते आपल्याला लागू आहे का?

कागदोपत्री

निकाल पोस्टाने, काही आठवड्यांनी. म्हणून पत्रपेटीवरचं नाव तपासा. भाड्याच्या घरात पेटीवर फक्त बायकोचं किंवा आधीच्या भाडेकरूचं नाव असेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. मधल्या काळात घर बदलणार असाल तर डॉइचं पोस्टकडे नाखझेंडेआउफट्राग (पत्रं नव्या पत्त्यावर पाठवण्याचा अर्ज) देऊन ठेवा. नापास झालात तर पुन्हा बसता येतं, कितीही वेळा, फक्त दर वेळी नवे २५ युरो आणि पुन्हा तीच जागांची मारामारी. अर्जाची फी वेगळी, माणशी २५५ युरो, स्वतःचं उत्पन्न नसलेलं मूल आईवडिलांसोबत अर्ज करत असेल तर ५१.

दोन पासपोर्टांचं अर्धंच खरं. २७ जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडा म्हणत नाही. भारत म्हणतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. 'आइनब्युर्गरुंग्जउरकुंडं' (जर्मन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र) हातात पडते त्या क्षणापासून तुमच्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, त्याची मुदत २०३० पर्यंत असली तरी. तो रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआयचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) अर्ज. त्यात वेळ जातो, आणि जर्मन पासपोर्टही त्याच दिवशी मिळत नाही. तेव्हा उरकुंडंची तारीख आली की त्यानंतरच्या काही महिन्यांत भारतात लग्नकार्य आहे का ते आधी घरी विचारा आणि तिकीट त्याप्रमाणे काढा.