मदत हवी आहे: जुना ट्यूबचा टीव्ही वीस मिनिटांनी रंग सोडतो, मग नुसत्या मुंग्या

पुरंदरकर:
नमस्कार मंडळी. आधीच हात जोडतो, "नवीन घ्या" हा सल्ला नको. नवीन आहे. धाकट्या भावाने दिवाळीत ३२ इंची आणून भिंतीवर लावलाय आणि आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. तिला जुनाच हवा, कारण त्याला समोर बटणं आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रिमोटवरचं काही वाचता येत नाही. बटण दाबलं की 'टक' होतं, तेवढं तिला पुरतं.

तर टीव्ही असा: २० इंची कलर, वडिलांनी १९८८ साली घेतलेला. समोर आठ बटणं. खाली झाकण, झाकणाआड प्रत्येक बटणाचं नखाएवढं चाक आणि शेजारी स्टेशनचा पट्टा निवडायची तीन खाचांची पट्टी (व्हीएल, व्हीएच, यू; यू म्हणजे यूएचएफ). मागे फक्त ॲन्टेनाचं भोक. पिवळं-पांढरं-लाल काही नाही, त्यामुळे एव्ही केबल लावायचा प्रश्नच येत नाही. छतावर फ्री डिशची छत्री आहे. तिच्या बॉक्सच्या आरएफ आउटमधून (म्हणजे ॲन्टेनाच्या भोकात जाणाऱ्या सिग्नलच्या पिनमधून) केबल थेट टीव्हीत येते आणि १ नंबरच्या बटणावर लावून ठेवली आहे.

दुखणं असं. टीव्ही चालू केला की चित्र झकास. साधारण वीस मिनिटांनी एकदम रंग जातो, मिनिटभर कृष्णधवल. मग आवाजात घरघर, आणि शेवटी मुंग्या. झाकण उघडून चाक जरासं फिरवलं की सगळं परत येतं, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही थंड असतो तेव्हा आदल्या रात्री लावलेलं चाक चुकलेलं असतं, उलट्या बाजूला फिरवावं लागतं.

केबल बदलली. पिन नव्याने लावली (जुन्या पिनमध्ये जाळीची एक तार मधल्या तारेला टेकत होती, पण ते काढूनही फरक नाही). मल्टिमीटर घरात आहे, पण मला त्यावर फक्त सेल बघता येतात. गाव सासवडजवळ. मी पुण्यात असतो, शनिवार-रविवारीच हात लावू शकतो.

गच्चीवाला:
छतावर जुना काड्यांचा ॲन्टेना असेल तर तो लावून बघा ना. आमच्याकडे सिंहगडाकडे तोंड केलं की मुंबई दूरदर्शन कसं स्वच्छ दिसायचं! छत्रीची भानगडच नको.

तीनपायी:
गच्चीवाले, १९७३ पासून सिंहगडावरून पुण्याला दूरदर्शन मिळायचं हे खरं, पण आता त्या काड्यांवर कावळेच बसायचे. दूरदर्शनने जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणं सोडून सगळीकडचे गेले. या टीव्हीला आता बॉक्सशिवाय गती नाही.

पुरंदरकर, बॉक्स निर्दोष आहे याची खात्री केलीत का? तोच बॉक्स, तीच आरएफ केबल भावाच्या टीव्हीला लावा आणि तासभर चालू ठेवा. एव्हीने नको, आरएफनेच. एव्हीने लावलात तर बॉक्समधला मॉड्युलेटर (चित्र-आवाज ॲन्टेनाच्या सिग्नलवर चढवणारा भाग) तपासला जाणारच नाही.

चिंचवडी:
बॉक्सच्या मेनूत रंगाची पद्धत पाल (आपली) आहे की एनटीएससी (अमेरिकेची) तेही बघा. आमच्याकडे नातवाने बटणं दाबून एनटीएससी केलं होतं, रंग गायब आणि चित्र लोळतंय. मेकॅनिक येऊन ३०० रुपये घेऊन गेला आणि मग कळलं.

तीनपायी:
ते तपासायला हरकत नाही, पण तसं असतं तर पहिल्या सेकंदापासून रंग नसता. यांचा वीस मिनिटांनी जातो. असंच एक आवाजाचं: मॉड्युलेटरला बीजी, आय, डीके असे पर्याय असतात. आपल्या टीव्हीला बीजी लागतं, म्हणजे आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर. आय केलं तर तो ६ वर जातो आणि चित्र उत्तम, आवाजाची मात्र नुसती घरघर. पण तीही पहिल्यापासून. इथे गरम झाल्यावर काहीतरी सरकतंय.

पुरंदरकर:
रविवारचा अहवाल. पाल आहे, बीजी आहे. बॉक्स आरएफने भावाच्या टीव्हीवर दोन तास चालला, मुंगीसुद्धा नाही. (रुमाल काढल्याबद्दल आईची बोलणी खाल्ली.) म्हणजे दोष जुन्या टीव्हीतच ना?

तीनपायी:
हो. आता पुढचं, आणि यालाही टीव्ही उघडायचा नाही. ५ नंबरचं बटणही बॉक्सवर लावा, पट्टी यू वर ठेवून. झाकण उघडं असताना एएफसी (सरकलेलं स्टेशन आपोआप ओढून धरणारी सोय) बहुतेक बंद असते, म्हणून लावून झालं की झाकण बंद करा. १ वर चित्र बिघडलं की लगेच ५ दाबा. ५ वर स्वच्छ असेल तर १ च्या चाकात धूळ किंवा झीज आहे. दोन्ही एकाच वेळी गेले तर चाकं निर्दोष, दोष सगळ्या बटणांना सामाईक असलेल्या आतल्या भागात आहे.

पुरंदरकर:
दोन्ही एकदम गेले. घड्याळ लावून बसलो होतो, बावीस मिनिटं. आईने विचारलं, "तू टीव्ही बघतोयस की घड्याळ?"

तीनपायी:
मग जवळजवळ नक्की सांगतो. या टीव्हीतला ट्यूनर, म्हणजे स्टेशन पकडणारा भाग, व्होल्टवर चालतो. चाक फिरवता तेव्हा तुम्ही ट्यूनरला ० ते ३० व्होल्टच्या दरम्यानचा दाब देता, आणि त्यावर कुठलं स्टेशन लागेल ते ठरतं. तो दाब ३३ व्होल्टच्या एका स्थिर पुरवठ्यातून येतो. आतल्या शंभर-सव्वाशे व्होल्टच्या लाइनवरून एक रेझिस्टर, आणि त्यापुढे एक छोटा पार्ट जो ३३ धरून ठेवतो: टीएए ५५०, झेडटीके ३३ किंवा यूपीसी ५७४, ज्या कंपनीने जो घातला असेल तो. तो म्हातारा झाला की गरम होताना ३३ चे ३२ करतो.

एक व्होल्टने काय होतं म्हणाल, तर यूएचएफमध्ये एका व्होल्टला ढोबळ मानाने १२-१३ मेगाहर्ट्झ सरकतात, आणि अख्खं चॅनलच ८ मेगाहर्ट्झचं. अर्ध्या व्होल्टात स्टेशन हातचं जातं. एएफसी थोडं ओढून धरते, म्हणून वीस मिनिटं काही कळत नाही आणि मग एकदम सुटतं. रंगाची माहिती चित्राच्या पट्ट्यात टोकाला, ४.४३ मेगाहर्ट्झवर असते, म्हणून पहिला बळी रंगाचा. आवाज त्याच्याही पलीकडे ५.५ वर, पण तो एफएम असल्याने थोडा जास्त तग धरतो. तुम्ही लिहिलेला क्रम अगदी तोच आहे.

चिंचवडी:
मग पाठ उघडून स्वतःच बघा की, मीटर आहेच. पाच मिनिटांचं काम.

तीनपायी:
चिंचवडी, कृपा करून असं सांगू नका. पिक्चर ट्यूबच्या पोटावर रबरी टोपी असते ना, तिथे वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही राहतात. पुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या आसपास डीसी. जुन्या काही टीव्हींची चासीच (आतला धातूचा सांगाडा) मेनला जोडलेली असते. ज्यांना मीटरवर फक्त सेल बघता येतात (राग मानू नका पुरंदरकर) त्यांनी पाठ उघडू नये. सासवडला जुना मेकॅनिक असेलच. त्याला एवढंच सांगा: "थंड असताना आणि बिघडल्यावर ट्यूनरचे ३३ व्होल्ट मोजा." ट्यूनरच बदलावा लागेल म्हणाला तर आधी हे मोजायचा आग्रह धरा. आणि आयएफच्या (ट्यूनरनंतर सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) बाजूचे ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेले डाग, तेही गरम करून घ्या.

पुरंदरकर:
दोन आठवडे गायब होतो, क्षमस्व. बाजारपेठेत एक काका सापडले, दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. "३३ मोजा" म्हटल्यावर चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?" घरी आले. चालू केल्यावर ३२.९, बिघडल्यावर ३१.४. ट्रान्झिस्टरसारखाच दिसणारा पण दोनच पायांचा तुकडा काढला. नवा त्यांच्याकडे नव्हता, एका मेलेल्या टीव्हीच्या बोर्डावरचा काढून लावला. पार्टचे पैसे घेतले नाहीत, मजुरी २५०. मग सगळी चाकं नव्याने लावली. शनिवारी दुपारी एकपासून रात्री दहापर्यंत सलग चालला, रंग हलला नाही.

तीनपायी, मनापासून आभार. एकच राहिलंय: चित्राच्या उजव्या बाजूला सावलीसारखी दुसरी फिकट कड दिसते. पूर्वीही होती बहुतेक, मुंग्यांच्या नादात लक्ष गेलं नव्हतं.

तीनपायी:
केबल किती लांब आहे? आणि मध्ये जोड आहे का?

पुरंदरकर:
बारा मीटर, बॉक्स आतल्या खोलीत आहे. मध्ये एक जोड, इन्सुलेशन टेप लावून वळलेला.

तीनपायी:
टेपचा जोड काढा आणि अखंड ७५ ओहमची केबल टाका. अशा जोडावरून सिग्नल परत फिरतो, त्याचीच ती सावली. पुढच्या रविवारी कळवा.