आपल्याच वावरात पोट्ट्यानं कापूस वेचला तर बाप गुन्हेगार?

दारव्ह्याचा कास्तकार: काल एका पोस्टीत वाचलं, 'कापूस वेचणारं प्रत्येक लेकरू बालमजूर अन् त्याचे मायबाप गुन्हेगार.' लिहिणारा पंख्याखाली बसला असंन. दिवाळीनंतर वावर पांढरं होते, मजूर भेटत नाही, वरून अवकाळीचं आभाळ. रविवारी पोट्ट्यानं दोन तासं वेचली तर काय बिघडलं? आम्ही बी वेचलं. मेलो नाही.

वकील, अकोला: पोस्ट चूक आहे, पण तुम्हीही कायदा वाचलेला नाही. 2016 च्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला मदत चालते, काम धोक्याचं नसेल तर. घरचे म्हणजे आईबाप, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी. परक्याच्या वावरात लावलं, तर लावणाऱ्याला 6 महिने ते 2 वर्षं कैद, 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. तुमचा रविवार कायद्यात बसतो. फवारणीचा पंप त्याच्या हाती देऊ नका. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं धडधाकट माणसं गेली, विसरलात?

दारव्ह्याचा कास्तकार: आजा कुठी गेला यादीतून? आमचा सातबारा अजून आबाच्याच नावानं आहे!

वकील, अकोला: आजोबा यादीत नाहीत. घ्या, जिंकलात.

वेचणीवाली: तुमचं वावर आहे म्हणून तुमाले सूट. माझ्या मायले वावर नव्हतं. वेचणी किलोवर. माझा कापूस तिच्या ओटीत जाये अन् काट्यावर तिच्या नावानं चढे. मालक म्हणे, मी पोट्टी लावलीच नाही. त्याच्या वहीत मी नव्हती, हंगामात शाळेतबी नव्हती. सातवीत सुटली. धाड पडली असती तर कोणाले धरलं असतं?

रोखठोक: शाळेत जाऊन काय शिकली असती? आमच्या गावचा मास्तर शहरातून अप-डाऊन करते. अकराले येते, चारच्या यष्टीनं पळते.

झेडपी गुरुजी: गावात राहण्यालायक खोली दाखवा, उद्या येतो. दोन शिक्षक, पाच वर्ग, वर निवडणुकीची कामं, पोषण आहाराचा हिशोब.

रोखठोक: अन् घरभाडे भत्ता? मुख्यालयी राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव कोण आणते?

झेडपी गुरुजी: ठरावावर सही तुमच्याच सरपंचाची असते. तोंड सांभाळून बोला.

रोखठोक: सरपंचालेबी सोडत नाही मी. वेगळा धागा काढतो, या तिकडं.

वेचणीवाली: झालं मास्तरपुराण? माझ्या सवालाचं काय?

वकील, अकोला: जबाबदार मालकच. पण वजन आईच्या नावावर, वही मालकाच्या हातात, कोर्टात दाखवायला कागद नाही. सिद्ध करणं अवघड, हे कबूल.

दारव्ह्याचा कास्तकार: बाया लेकरं घेऊन येतात, घरी कोणापाशी ठेवतील? हाकलून देऊ?

वेचणीवाली: हाकलू नका. लेकराइच्या कमरेले ओटी बांधू देऊ नका.

दारव्ह्याचा कास्तकार: अन् एकट्या बाईच्या वेचण्यात तिचं घर चालते?

वेचणीवाली: ते तुमीच सांगा. किलोचा भाव तुमीच ठरवता.

दारव्ह्याचा कास्तकार: अन् माझ्या कापसाचा कोण ठरवते, बाई?